तिसऱ्यांदा चिरण्याआधी तुकडा लॅबला पाठवा

पत्र: माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला रांजणवाडी आली. जवळच्या डॉक्टरांनी दोनदा आतून चिरून साफ केली, थेंब आणि मलम दिलं. दर वेळी दोन-तीन महिन्यांत त्याच जागी कडक गाठ परत येते. आता तेवढ्याच भागातले पापणीचे केस गळलेत, डोळा लाल असतो, सकाळी चिकटतो. दुखत मात्र अजिबात नाही. डॉक्टर म्हणतात, पुन्हा साफ करू. शेजारच्या मावशी म्हणतात, सुई-चाकू लावू नका, काही वाईट असेल तर पसरेल. माझे मिस्टर ४१ वर्षांचे, मासेमारीच्या बोटीवर असतात. त्यांच्या डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला मांस वाढलंय, हल्ली त्यावर पांढरा चट्टा दिसतो. ते म्हणतात, जूनमध्ये बंदी लागली की दाखवू. आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात, पांढऱ्या भागावर तपकिरी डाग आहे. आधी कोणाला न्यायचं?
एक वाचक, वर्सोवा

ताई, आधी सासूबाईंना, आणि याच आठवड्यात. मिस्टरांनाही त्याच फेरीत सोबत न्या, म्हणजे जूनचा प्रश्नच उरणार नाही. मुलीचं सावकाश चालेल.

सासूबाईंच्या गाठीची काळजी का वाटते, ते सांगतो. पापणीच्या आत तेल तयार करणाऱ्या उभ्या ग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. एखादीचं तोंड बुजलं की तेल आत साचतं, भोवती सूज धरते आणि मटारएवढी गाठ होते. डॉक्टर तिला कॅलॅझिऑन म्हणतात, घरी आपण तिलाही रांजणवाडीच म्हणतो. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं गरम शेक दिला की बहुतेक गाठी महिन्या-दोन महिन्यांत बसतात. नाही बसली तर पापणी उलटून आतून चीर देतात आणि आतला मऊ, बुळबुळीत मगज खरवडून काढतात. नीट साफ झालेली गाठ सहसा तिथंच परत येत नाही. दुसऱ्या ग्रंथीत नवी येऊ शकते, ती गोष्ट वेगळी.

याच तेलग्रंथींचा एक कॅन्सर असतो, सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा. त्याची सुरुवात पापणीच्या आतल्या कडक पट्टीत खोलवर होते आणि कित्येक महिने तो हुबेहूब कॅलॅझिऑनसारखाच दिसतो. वरच्या पापणीत ग्रंथी जास्त, म्हणून तो तिथं जास्त आढळतो. गाठ वाढताना केसांची मुळं खाऊन टाकते, म्हणून नेमके तेवढ्याच पट्ट्यातले केस जातात. त्याच्या पेशी गाठीपासून सुटून पापणीच्या कडेवर आणि डोळ्याच्या आतल्या अस्तरात पातळ थराने पसरू शकतात. मग डोळे आल्यासारखी लाली आणि चिकटपणा दिसतो, फक्त तो एकाच डोळ्यात असतो आणि कोणत्याही थेंबांनी जात नाही. साधी पापण्यांची सूज बहुधा दोन्ही डोळ्यांना असते. वय ६४, तीच जागा, गळलेले केस, एकाच डोळ्याची हटवादी लाली: चारही गोष्टी एकत्र आल्या की तुकडा तपासल्याशिवाय पुढं जाता येत नाही. न दुखण्यानं दिलासा मानू नका, हा आजार सुरुवातीला दुखत नाही.

इंटरनेटवर शोधाल तर पापणीचा कॅन्सर म्हणजे दहापैकी नऊ वेळा बेसल सेल, हळू वाढणारा, फारसा न पसरणारा, असं वाचायला मिळेल. ते गोऱ्या लोकांच्या देशांतलं चित्र आहे. तो कॅन्सर प्रामुख्यानं खालच्या पापणीवर किंवा नाकाकडच्या कोपऱ्यात येतो, मोत्यासारखी चकाकणारी कड आणि मध्ये खड्डा असा. आपल्याकडे तेलग्रंथींचा कॅन्सर त्याच्या बरोबरीनं, बऱ्याच केंद्रांत तर त्याहूनही जास्त सापडतो, आणि तो जास्त आक्रमक आहे. त्यामुळे परदेशी संकेतस्थळांवरचा दिलासा इथं लागू करू नका. तरीही पत्रावरून कॅन्सर आहे असं कोणी म्हणू शकत नाही. अर्धवट साफ झालेली गाठ किंवा चेहऱ्याचा रोझेशियासारखा त्वचाविकार असला तरी गाठी परत येतात. ठरवेल तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट.

मावशींच्या भीतीबद्दल. बायोप्सीचा छोटा तुकडा घेतल्यानं हा कॅन्सर पसरतो याला आधार नाही. नुकसान होतं ते काय आहे हे माहीत नसताना पुन्हा पुन्हा खरवडण्यानं. गाठीची कड विस्कटते, पुढच्या सर्जनला ती कुठं संपते ते कळत नाही, आणि मधले महिने फुकट जातात. म्हणून तिसऱ्यांदा ‘साफ’ करायला नकार द्या आणि ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापणी व डोळ्याभोवतीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडं जा. तुमच्याजवळ जुहूचं कूपर रुग्णालय आहे. केईएम, नायर, शीव आणि जे.जे. इथंही नेत्रविभाग आहेत. कॅन्सर ठरला तर परळचं टाटा मेमोरियल. रिपोर्ट येण्याआधीच तिथं रांग लावायची गरज नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टर पापणी उलटून आतून पाहतील. हे नक्की होऊ द्या. बाहेरून चिमूटभर दिसणारी गाठ आतून पिवळसर, खडबडीत, सहज रक्त येणारी निघते, आणि बाहेरूनच पाहून परत पाठवलं तर सगळं तिथंच हुकतं. वरची पापणी दुहेरी उलटून अगदी आतली घडीही पाहावी लागते. कानापुढं, जबड्याखाली आणि मानेत गाठी चाचपतील. डोळा सगळ्या दिशांना फिरतो का, गाठ हाडाला चिकटलीय का, तेही बघतील. शंका आली तरच सीटी किंवा एमआरआय. लहान, हलणाऱ्या गाठीला पहिल्याच दिवशी महागडा स्कॅन सांगितला तर ‘यानं उपचार कसा बदलेल?’ असं खुशाल विचारा.

बायोप्सी तेवढ्या जागेपुरती भूल देऊन वीस-तीस मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी. सासूबाई ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असतील तर आधी सांगा, पण मनानं बंद करू नका. तुकडा पापणीच्या पूर्ण जाडीचा, निदान कडक पट्टीपर्यंत खोल हवा. वरवर खरवडलेल्या तुकड्यात बहुतेक वेळा नुसती सूज दिसते, रिपोर्ट ‘क्रॉनिक इन्फ्लमेशन’ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात जातो. डबीवर नाव, डावा-उजवा डोळा, वरची-खालची पापणी लिहिलंय का ते तुम्हीच वाचून घ्या. ओटीबाहेर एका ट्रेमध्ये पाच-सहा डब्या असतात.

डबीसोबतच्या फॉर्मवर काय लिहिलंय हेही महत्त्वाचं आहे. नुसतं ‘कॅलॅझिऑन’ लिहिलं तर पॅथॉलॉजिस्ट त्याच नजरेनं पाहतो. हा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखालीही बेसल सेल किंवा स्क्वेमस सेल हा दुसराच कॅन्सर समजला जाण्याची चूक होते, कारण पेशींतलं तेल हीच त्याची ओळख, आणि नेहमीच्या प्रक्रियेत अल्कोहोलमध्ये ते तेल विरघळून जातं. ‘दोनदा परत आलेली गाठ, केस गळलेले, सिबेशियस कार्सिनोमाची शंका’ एवढी ओळ असली की अॅडिपोफिलिनसारखा खास रंग लावून खात्री करता येते. साधा रिपोर्ट साधारण आठवड्यात येतो, खास रंगांना थोडे दिवस जास्त. लाली असलेल्या भागातून डॉक्टर ‘मॅप बायोप्सी’ घेऊ शकतात: डोळ्याच्या अस्तराचे दहाएक बारीक तुकडे, प्रत्येक कुठला ते नकाशावर नोंदून. आजार किती दूर गेलाय हे कळायला तोच रस्ता आहे, कारण तो अधूनमधून बेटं सोडत पसरतो.

कॅन्सर निघाला तर मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. इथं थोडं गणित करा. पापणीची लांबी सुमारे ३० मिलिमीटर. गाठ समजा ७ मिलिमीटरची. या कॅन्सरला दोन्ही बाजूंनी ५-५ मिलिमीटर चांगला भाग सोबत काढतात, म्हणजे १७ मिलिमीटर, अर्ध्याहून जास्त पापणी. बेसल सेलला ३ ते ४ मिलिमीटर पुरतात. गाठ ‘एवढीशी’ असताना सर्जन एवढं का कापतोय, हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. उत्तर या आकड्यांत आहे, आणि आठ महिन्यांची वाट पाहण्याची किंमतही यातच आहे.

काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आहेत का, हे फ्रोझन सेक्शननं, म्हणजे तुकडा गोठवून लगेच काप पाहून, ऑपरेशन चालू असतानाच तपासतात. पातळ थरानं पसरलेल्या पेशी फ्रोझनमध्ये निसटू शकतात, म्हणून काही सर्जन पक्का रिपोर्ट येईपर्यंत काही दिवस नवी पापणी पूर्ण घडवत नाहीत. दचकू नका, ती हलगर्जी नव्हे.

पाव भागापर्यंतची उणीव सरळ टाके घालून भरते. वयस्कर माणसाची पापणी सैल असल्यानं त्याहून थोडी जास्तही. अर्ध्यापर्यंत बाहेरच्या कोपऱ्याकडची त्वचा फिरवून आणतात. त्याहून मोठी आणि वरची असेल तर कटलर-बिअर्ड पद्धत: खालच्या पापणीचा, तिची कड शाबूत ठेवून, एक पट्टा वर नेऊन शिवतात. सहा ते आठ आठवडे तो डोळा बंद राहतो, मग दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये पट्टा कापून डोळा उघडतात. म्हणून आधी डाव्या डोळ्याची नजर तपासून घ्या. तिथं पिकलेला मोतीबिंदू असेल तर दोन महिने सासूबाईंना जवळजवळ काहीच दिसणार नाही, आणि हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लक्षात येऊन उपयोग नाही. नव्या पापणीला केस येत नाहीत. डोळा कोरडा पडतो, कृत्रिम अश्रूंचे थेंब बरेच महिने लागतात.

अस्तरात पेशी उरल्या असतील तर क्रायो, म्हणजे गोठवणं, किंवा मायटोमायसिन या कॅन्सरच्या औषधाचे थेंब. गाठ मोठी असेल तर कानापुढच्या-मानेच्या गाठींची सोनोग्राफी, हाताला लागणारी गाठ असेल तर सुईनं पाणी काढून तपासणी, आणि काही वेळा सेंटिनेल नोड बायोप्सी, म्हणजे आजार पसरला तर जिथं आधी पोचेल त्या गाठीची तपासणी. डोळ्याच्या खोबणीत शिरलेला आजार असेल तर आधी किमो किंवा नंतर रेडिएशन, आणि क्वचित डोळ्यासकट खोबण रिकामी करावी लागते. पुढं पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, नंतर सहा महिन्यांनी, आणि पाच वर्षांनंतरही वर्षातून एकदा. सासूबाईंच्या रक्ताच्या नात्यात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तेलग्रंथींच्या गाठी आणि हे कॅन्सर काही घराण्यांत एकत्र चालतात.

कागदांचं एक: टाटाला बाहेरची बायोप्सी पुन्हा वाचतात. लॅबमधून रिपोर्टसोबत काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते सही करून मिळतात. नाहीतर केसपेपर काढल्यावर पुन्हा लॅबला हेलपाटा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नको. रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या. तोवर डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब चालू ठेवू नका. लाली उतरते, गाठ तशीच वाढते, आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. हळद, दूध, काजळ काहीच नको.

आता मिस्टर. डोळ्यात मांस वाढणं, म्हणजे टेरिजियम, हा उन्हाचा आजार. समुद्रावर ऊन वरून येतं आणि पाण्यावरूनही उसळतं, त्यामुळे बोटीवरच्या माणसांत तो नेहमीचा. तो त्रिकोणी, पंखासारखा असतो, टोक बुब्बुळाकडं, आणि वर्षानुवर्षं सावकाश सरकतो. पण त्याच उन्हानं, त्याच जागी, जिथं पांढरा भाग आणि बुब्बुळ मिळतात, अस्तराच्या पेशींचा कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्थाही होते. जेलीसारखी उंच गाठ, वर पांढरा खरखरीत चट्टा, किंवा तुतीसारखे लाल ठिपके, आणि तिकडं धावणाऱ्या जाड, नागमोडी रक्तवाहिन्या, ही त्याची लक्षणं. तुम्ही लिहिलेला नवा पांढरा चट्टा म्हणूनच खटकतो.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, रोझ बेंगॉल किंवा लिसामीन ग्रीन हा रंग टाकला की आजारी पेशी रंग धरतात आणि खरी कड दिसते. डोळ्यांनी दिसते त्याहून ती बरेचदा पुढं असते. डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी स्कॅन, म्हणजे प्रकाशानं थर दाखवणारी तपासणी, मिळाला तर उत्तम: कॅन्सरमध्ये वरचा थर एकदम जाड आणि चकचकीत दिसतो, टेरिजियममध्ये तो थर पातळच राहतो, जाडी त्याच्या खाली असते.

लहान गाठीचा तुकडा न घेता ती अख्खीच काढतात. ४ मिलिमीटर चांगला भाग सोबत, गाठीला चिमटा न लावता, म्हणजे पेशी सांडत नाहीत. बुब्बुळावरचा थर अल्कोहोलनं सोडवतात, उरलेल्या कडा दोनदा गोठवून वितळवतात, आणि जागा अॅम्नियॉटिक पडद्यानं, म्हणजे गर्भाच्या पिशवीच्या पातळ पडद्यानं, झाकतात. ‘मांस काढून टाकतो, दहा मिनिटांचं काम’ असं सांगून काढलेला भाग कचऱ्यात टाकणारे असतात. तिथं करू नका. अगदी साधं टेरिजियम वाटलं तरी तुकडा लॅबला गेलाच पाहिजे.

गाठ पसरट असेल, बुब्बुळाच्या घेराचा मोठा भाग व्यापत असेल तर थेंबांनी उपचार करतात, कारण अर्ध्याहून जास्त घेर कापला तर बुब्बुळाला नवा थर पुरवणाऱ्या पेशीच संपतात आणि नजर धुरकट होते. ५-फ्लुरोयुरॅसिल १ टक्का, दिवसातून चार वेळा एक आठवडा, मग तीन आठवडे विश्रांती, अशी काही आवर्तनं. किंवा इंटरफेरॉन, मिलिलिटरला १० लाख युनिट, दिवसातून चार वेळा, काही महिने. तो सौम्य पण खर्चिक. मायटोमायसिन ०.०४ टक्के जोरदार, पण जास्त झालं तर बुब्बुळाला इजा, म्हणून ते एक आठवडा चालू, एक आठवडा बंद असं देतात. हे थेंब फार्मसीत तयार करून घ्यावे लागतात, फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दिलेल्या तारखेनंतर फेकायचे. तुम्ही घालणार असाल तर हातमोजे घाला. पापणीभोवती आधी व्हॅसलिन लावा, थेंब पडल्यावर नाकाकडचा कोपरा दोन-तीन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही आणि अश्रूंची नळी बुजत नाही. गालावर ओघळलेलं लगेच पुसा, नाहीतर तिथली कातडी सोलते. बाटली मुलीच्या हाताला लागू देऊ नका.

चाळिशीच्या माणसात हा आजार निघाला तर डॉक्टर एचआयव्हीची चाचणी सुचवतील. घरात यावरून वादळ होऊ देऊ नका. प्रतिकारशक्ती कमी असली की हा कॅन्सर लवकर आणि जोरात येतो, म्हणून सगळ्यांनाच विचारतात. महापालिकेच्या रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही सल्ला व चाचणी केंद्रामध्ये, चाचणी मोफत होते, संमती घेऊनच करतात आणि निकाल गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

१ जूनच्या बंदीपर्यंत थांबायचं का? दाखवायला अजिबात थांबू नका. तपासणीला एक दिवस जातो. तज्ज्ञानं साधं टेरिजियम म्हटलं तर ऑपरेशन बंदीच्या दोन महिन्यांत बसवता येईल, आणि ते सोयीचंही आहे, कारण नंतर महिनाभर खारं पाणी आणि वारा डोळ्यात जायला नको. शंका असेल तर हंगाम बुडाला तरी आधी डोळा. बोटीवर रुंद काठाची टोपी आणि बाजूनंही झाकणारा, यूव्ही ४०० लिहिलेला गॉगल. नुसती काळी काच पुरत नाही.

मुलीला असा डाग दोन्ही डोळ्यांत, सपाट, बुब्बुळाभोवती असेल तर तो आपल्या सावळ्या कातडीचाच रंग, काही करायचं नाही. एकाच डोळ्यात असेल तर बहुधा तीळ. तो अस्तरासोबत सरकतो, स्लिट लॅम्पवर त्यात बारीक बुडबुडे दिसतात, आणि वयात येताना गडदही होतो. सुट्टीत एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवा, आणि दर सहा महिन्यांनी खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, त्याच अंतरावरून फोटो काढून तारखेसह ठेवा. डाग जाड व्हायला लागला, त्याच्याकडं नव्या रक्तवाहिन्या येऊ लागल्या किंवा तो बुब्बुळावर चढला तर सहा महिने पुरे होण्याची वाट पाहू नका, ते फोटो घेऊन लगेच डॉक्टरांकडं जा.